घड मोजायची वेळ

एप्रिलमध्ये आमच्याकडे द्राक्षबागांची खरड छाटणी असते. सगळ्या काड्या बुडाशी कापायच्या, वेल अगदी बोडकी करायची. दिंडोरी रस्त्यावरच्या दगूअण्णांच्या बागेत त्या दिवसांत सुरगाण्याकडची माणसं ओळी धरून कात्र्या चालवत असायची आणि अण्णा बांधावर हात पाठीमागे बांधून उभे असायचे. टोळीची मुकादम हिराबाई दरवर्षी एकदा तरी आपली कात्री त्यांच्यापुढे धरायची.

"अण्णा, एक तरी काडी काप. बाग तुझीच हाय ना?"

"माझ्या हाताला गुण नाय, हिरे."

"आमच्या हाताला हाय ना? मग मजुरी वाढव."

अण्णा हसायचे. हात मात्र पाठीमागेच राहायचे.

ज्यांनी त्यांना आधी पाहिलं होतं त्यांना हे नवल वाटे. तरुणपणी त्यांची छाटणी बघायला लांबलांबचे बागायतदार येत, नव्या बागेला पहिली कात्री लावायला त्यांना मुद्दाम बोलावत. त्या माणसाने उतारवयात कात्री सोडली होती. कारण बागेतलं नव्हतं, दिल्लीतलं होतं. ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.

अण्णा एकदाच खासदार झाले. एका लाटेत निवडून आले आणि पुढच्या लाटेत गेले, असं ते स्वतःच सांगत. दिल्लीला गेल्यावर प्रत्येक नव्या खासदाराला आपल्या आवडीची समिती लिहून द्यावी लागते. अण्णांनी शेतीची मागितली होती. मिळाली परराष्ट्र व्यवहारांची. का, ते त्यांना कुणी सांगितलं नाही. गावात मात्र सगळ्यांना सगळं माहीत होतं. "कांद्याचा खासदार आता परदेशात कांदे सोलणार," असं पारावर म्हणत.

मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. निवडणूक हरल्यावर अण्णा आमच्या वाचनालयात येऊ लागले. चपला बाहेर काढायचे. नको म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. हंगामात वर्तमानपत्रात गुंडाळलेला द्राक्षांचा घड आणायचे, एरवी मूठभर मनुके. खिडकीशी बसून समितीचे अहवाल वाचायचे. त्यांचं शिक्षण मराठीत बारावीपर्यंत झालेलं. इंग्रजी अहवाल चालत नसे, हिंदी चालत असे, पण सरकारी हिंदीपुढे ते अडखळायचे. मग पुस्तक उचलून माझ्या टेबलाशी यायचे.

"बाई, हे 'अव्ययित' म्हणजे?"

"अखर्चित. खर्च न झालेलं."

"हां. तेच ते," असं म्हणून परत जाऊन बसायचे. तो शब्द त्यांनी मला किती वेळा विचारला असेल. त्यांना तो येत होता हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

समितीचं काम त्यांनी मला समजावून सांगितलं होतं ते असं. अर्थसंकल्प मांडला की सभागृहाला काही आठवडे सुट्टी असते. लोकांना वाटतं खासदार घरी गेले. त्या काळात प्रत्येक खातं आपली मागणी घेऊन समितीसमोर येतं. परराष्ट्र खातं आलं की वकिलातींची भाडी, दूतांचे खर्च आणि शेजारच्या, लांबच्या देशांना द्यायची मदत, हे सगळं टेबलावर येतं. कुठे रस्ता, कुठे दवाखाना, कुठे धरण. अधिकारी एका बाजूला, सदस्य दुसऱ्या बाजूला. सदस्यांना पैसे देताही येत नाहीत आणि अडवताही येत नाहीत. विचारता येतं. विचारून झालं की अहवाल लिहायचा, त्यात शिफारशी करायच्या. मग काही महिन्यांनी खातं प्रत्येक शिफारशीला उत्तर देतं.

"उत्तरं तीनच," अण्णा सांगायचे. "'नोंद घेतली' म्हणजे बाजूला ठेवलं. 'विचाराधीन' म्हणजे विसरले. आणि 'स्वीकारली'. ते काय लवकर दिसत नाय."

देशांची नावं ते घेत नसत. समितीच्या खोलीत झालेलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, हा नियम त्यांनी समिती सुटल्यावरही पाळला. त्यांच्या बोलण्यात देश असे यायचे: डोंगराकडचे, बेटावरचे, लांबचे. एकदा मी सरळ विचारलं, डोंगराकडचे म्हणजे कोण. ते म्हणाले, "बैठकीतलं बैठकीत, बाई." अहवाल छापून सगळ्या जगासाठी ठेवलेला होता, माझ्या टेबलावर उघडा होता, तरीही. त्यांचा नियम म्हणून मीही इथे नाव घेत नाही.

पहिल्याच वर्षी अण्णांनी एक प्रश्न विचारला होता. डोंगराकडच्या देशात एका नदीवर आपल्या पैशातून पूल बांधायचा होता. कागद पाहताना अण्णांना दिसलं की वर्ष संपत आलं तरी त्यातले फार थोडे खर्च झाले होते. अण्णा गावच्या सहकारी सोसायटीच्या कारभारात वाढलेले. पडून राहिलेला पैसा त्यांना बघवत नसे. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, लागत नाही तर मागता कशाला? ज्या काडीला घड नाही ती ठेवून वेलीचा रस का घालवायचा? वेलीची उपमा सगळ्यांना आवडली. अध्यक्ष हसले, अधिकारीही हसले. अहवालात ती उपमा आली नाही, पण शिफारस आली: अखर्चित रकमा पाहून तरतूद कमी करावी.

पुढच्या वर्षी उत्तर आलं. स्वीकारली.

अण्णा विमानाने ओझरला उतरले ते पेढे घेऊनच घरी आले. पारावर वाटले. त्या प्रसंगाला मी नव्हते, पण गावात तो इतक्या वेळा सांगितला गेलाय की मी तिथे होते असंच मला वाटतं. म्हातारे शंकरतात्या पेढा हातात धरून बसले होते.

"कशाचे रे? नातू झाला का?"

"नाय तात्या. माझी शिफारस स्वीकारली."

"कोणाच्या पोराची?"

"पोराची नाय. समितीची शिफारस."

"समितीला नोकरी लागली?"

आमच्याकडे शिफारस म्हणजे पोराला चिकटवण्यासाठी टाकलेला शब्द. दुसरा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. पारावरचे लोक हसून हसून खाली बसले. अण्णाही हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं की परदेशात पडून राहणारा पैसा मी वाचवला. तात्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मग तो आपल्या रस्त्याला दे की." वाचलेला पैसा कुठे जातो ते समितीला विचारता येत नाही.

पुढची गोष्ट जेवणाची. ती त्यांनी मला सांगितली, कारण "जेवण काय बैठकीत मोडत नाय."

डोंगराकडच्या देशातले काही लोकप्रतिनिधी दिल्लीला आले होते. समितीच्या सदस्यांबरोबर त्यांचं जेवण ठेवलं होतं. अण्णांच्या शेजारची खुर्ची एका बाईंना मिळाली. वयाने अण्णांएवढ्याच, कपाळावर मोठं कुंकू, अंगावर जाड शाल. त्या आपल्या खोऱ्यातून निवडून आलेल्या. हिंदी दोघांचीही मोडकी, त्यामुळे जमलं. आधी शेतीचं बोलणं झालं. त्यांच्याकडे मका, बटाटा. अण्णांनी द्राक्षांचं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "हमारी घाटी में भी आपका पुल बन रहा था."

अण्णांचा घास हातातच राहिला.

बाईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शेजारच्या गावची बातमी सांगावी तसं त्या सांगत होत्या. नदीच्या अलीकडे एक खांब उभा राहिला, पलीकडे एक. मग काम थांबलं. साहेब लोकांना विचारलं तर ते म्हणाले, "आपके यहाँ किसी मेंबर ने पूछ लिया, पैसा खर्च क्यों नहीं हुआ." त्या जरा हसल्या. थंडीत तिथे बर्फ, पावसाळ्यात दरडी. बर्फ वितळलं की काम सुरू होतं आणि बिलं जातात ती तुमचं आर्थिक वर्ष मार्चला संपल्यावर. "जनवरी में तो वहाँ कौआ भी काम नहीं करता, भाईसाहब."

तोवर लोक नदी कशी ओलांडतात, असं अण्णांनी विचारलं. विचारायला नको होतं, असं ते मला म्हणाले. बाईंनी सांगितलं, तार आहे. तारेला लोखंडी पाळणा टांगलेला, त्यात बसून हाताने तार ओढत पलीकडे जायचं. शाळेची मुलंही तशीच जातात. मग आपला उजवा हात वर करून त्यांनी दोन बोटं मुडपून दाखवली. "मेरी भतीजी की. तार में आ गईं."

वाचनालयात माझ्या टेबलासमोर अण्णांनी तशीच दोन बोटं मुडपून दाखवली आणि किती तरी वेळ तशीच ठेवली.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? मी तिला भात वाढला."

"सांगितलं नाहीत?"

"बैठकीतलं बैठकीत," ते म्हणाले. मग खिडकीकडे बघून म्हणाले, "त्या दिवशी मला नियम आठवला, बाई. तोवर कधी आठवायची वेळ आली नव्हती."

त्या नियमाला ते एवढे का चिकटून होते ते मला तेव्हा कळलं. ज्या नियमाआड आपण एकदा लपलो तो नियम नंतर मोडला तर लपणं उघडं पडतं, म्हणून ते तो मोडत नव्हते. निघताना त्यांनी बाईंना आपलं कार्ड दिलं. नाशिकला आलात तर या. त्र्यंबकेश्वर जवळच आहे.

आणखी एक गोष्ट त्यांना कुरतडत असे. दुसरा कुणी असता, शहरातला वकील, कारखानदार, तर त्याची चूक समजली असती. पण आपण बागायतदार. खरड छाटणीनंतर बागेत काय दिसतं? नुसती खोडं आणि तारा. नवं फुटतं, काडी वाढते, जूनच्या आसपास तिच्या डोळ्यात, म्हणजे मिटलेल्या कोंबात, घड धरतो. बाहेरून दिसत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की तो बाहेर येतो. कुणी उन्हाळ्यात बागेत येऊन 'यंदा घड नाय, कशाला ठेवता' म्हणाला तर त्याला आपण येडा म्हणू. "आणि मी तेच केलं. खरड छाटणीत घड मोजायला गेलो. द्राक्षवाला असून."

त्यानंतरच्या बैठकांत अण्णांनी पूल परत काढला. अध्यक्ष म्हणाले, "दगडूजी, आपने ही तो कहा था." परत हशा झाला. अधिकाऱ्यांनी नम्रपणे सांगितलं की एकदा कमी झालेलं काम नव्याने मंजूर व्हायला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. उत्तर आलं: नोंद घेतली. "कापलेली काडी परत चिकटवता येत नाय," एवढंच अण्णा त्यावर बोलले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून त्यांचे हात पाठीमागे गेले.

मग निवडणूक आली. विरोधी उमेदवार प्रत्येक सभेत एकच बोलायचा: तुमचे खासदार परदेशाला पैसे वाटतात आणि तुमच्या गावाला रस्ता नाही. लोकांना पटायचं. अण्णांचा मुलगा विलास प्रचार बघत होता. त्याने तो जुना अहवाल शोधून काढला. एका सभेआधी मंडपामागे बापलेकांचं जे बोलणं झालं ते चहा घेऊन गेलेल्या पोरापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

"अण्णा, तुम्ही तर कापलेत पैसे. छापील आहे. हे एकदा वाचून दाखवा, त्याचं तोंड बंद होईल."

"नाय वाचणार."

"का पण? खोटं आहे का?"

"खरं हाय."

"खरं आहे तर सांगायला काय होतंय? हे काय गुपित राह्यलंय?"

अण्णा उठून माइकसमोर गेले आणि कांद्याच्या भावावर बोलले. अहवाल विलासच्या हातात राहिला. ते थोड्या मतांनी पडले. त्या एका वाक्याने निकाल फिरला असता की नाही कुणाला माहीत, पण विलासला वाटतं फिरला असता, आणि ते त्याने वडिलांना कधी माफ केलं नाही. त्याने मला एकदा विचारलं, "बाई, लोक न केलेलं काम सांगून निवडून येतात. आमचे अण्णा केलेलं सांगेनात. असं काय होतं त्यात?" मला तेव्हा भात आणि मुडपलेली बोटं माहीत होती. मी म्हटलं, त्यांनाच विचार. बैठकीतलं बैठकीत ठेवायची सवय मलाही लागली होती.

डोंगराकडच्या त्या बाईंचा फोन आला तेव्हा मी निवृत्त होऊन नाशिकला राहायला आले होते आणि अण्णा थकले होते. त्या आता निवडून येत नव्हत्या. कुटुंबाबरोबर त्र्यंबकेश्वरला पूजेसाठी येणार होत्या. कार्ड जपून ठेवलं होतं म्हणाल्या. अण्णांनी मला निरोप पाठवला: हिंदीला या. मला कळलं, हिंदीसाठी बोलावणं नव्हतं. एकट्याने सांगायचा धीर होत नव्हता.

त्या आल्या त्या दिवशी बागेत खरड छाटणी चालू होती. अण्णांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, पुरणपोळ्या केल्या होत्या. जेवणं झाली. त्र्यंबकची गर्दी, तिथले गुरुजी, त्यांच्याकडची थंडी, सगळं बोलून झालं. पुलाचं नाव कुणी काढेना. अण्णा मधूनच माझ्याकडे बघायचे, घसा साफ करायचे आणि आणखी एक पोळी घ्या म्हणायचे. परत भातच वाढणं चाललं होतं. शेवटी बाईच म्हणाल्या, बाग दाखवा.

बागेत त्या एका ओळीच्या तोंडाशी थांबल्या. दोन्ही बाजूंना उघडी खोडं, तारा, खाली काड्यांचा खच.

"सब सूख गया?" त्यांनी विचारलं.

"सूखा नहीं," अण्णा म्हणाले. "काटा है. अभी कुछ नहीं दिखेगा. अंगूर अंदर बनेगा, बाद में दिखेगा." हात पाठीमागे होते. "अभी कोई गिनने आया, तो बोलेगा कुछ नहीं है. काट डालो." त्यांनी बाईंकडे बघितलं. "मैं गिनने आया था, ताई. गलत महीने में."

पुढच्या ओळीत हिराबाईची टोळी काम करत होती. कात्र्यांचा आवाज येत होता. नुकत्याच कापलेल्या एका काडीच्या टोकाला पाण्याचा थेंब जमला होता. छाटणीनंतर वेलीतून असं पाणी येतं. बाई त्या थेंबाकडे बघत राहिल्या. तो पडला, दुसरा जमू लागला.

"फिर आने में कितना समय लगता है?" त्यांनी विचारलं.

"एक साल."

"हमारे यहाँ ज़्यादा लगा," त्या म्हणाल्या.

मग पूल झाल्याचं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या एका देशाने बांधला, चांगला बांधला, वरून गाडीही जाते. त्याच्यावर त्या देशाच्या लिपीतली पाटी आहे, ती गावात कुणाला वाचता येत नाही. भाची आता नदीपलीकडच्या शाळेत शिकवते. तीन बोटांत खडू धरते, पण अक्षर सगळ्यांत सुंदर. त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. फळ्यापुढे उभी असलेली हसरी मुलगी, हात पदराआड. अण्णांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. ते हात शोधत होते.

गाडीत बसताना बाईंनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "कभी आइए. खंभे तोड़े नहीं किसी ने. नए पुल की बगल में खड़े हैं, बच्चे उन पर नाम लिखते हैं. देख लीजिए एक बार. आपके हैं."

गाडी ओझरच्या दिशेने गेली. अण्णा फाटकाशी उभेच होते. धूळ बसल्यावर म्हणाले, "बाई, ती काय म्हणाली? आपके म्हणजे?"

"तुमचे."

"ते कळलं. तुमचे म्हणजे देशाचे, का माझे?"

मी खरं ते सांगितलं. हिंदीत दोन्ही अर्थ होतात.

"सरकारी उत्तर देऊ नका," ते म्हणाले.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक भेटीत ते हा प्रश्न काढायचे. तिने जेवणाच्या वेळीच ओळखलं असेल का? ओळखलं नसेल तर बागेत ती एवढी शांत कशी राहिली? माफ केलं असतं तर 'आपके हैं' म्हणाली असती का? नसतं केलं तर हात जोडले असते का? मी दर वेळी सगळ्या शक्यता मांडायची. आयुष्यभर पुस्तकं योग्य फडताळात लावत आले, मला वाटे अर्थही तसेच लावता येतील. आता वाटतं, एकदा तरी म्हणायला हवं होतं की देशाचे, अण्णा, देशाचेच, ती पाहुणी होती, पाहुण्यासारखं बोलली. त्यांनी विश्वास ठेवला नसता. पण मला तसं म्हणता आलं असतं, आणि मी ते म्हटलं नाही, कारण ते शंभर टक्के खरं नव्हतं. माझ्या त्या नेमकेपणाची मला आता लाज वाटते.

विलासला त्यांनी ही सगळी हकिगत स्वतःच सांगितली, बाई येऊन गेल्यावर. तो मला फोनवर म्हणाला, "एवढ्यासाठी खासदारकी घालवली?" मग म्हणाला, "मी तो अहवाल सभेत वाचून दाखवला असता बाई, तर काय दिसलं असतं त्यांना माझ्यात?"

पुढच्या एप्रिलमध्ये मी बागेवर गेले तेव्हा अण्णा चाकांच्या खुर्चीत होते. विलासने खुर्ची बांधावर आणून ठेवली होती. उन्हातही अंगावर शाल होती. खुर्चीत हात पाठीमागे बांधता येत नाहीत, म्हणून त्यांनी ते शालीखाली घेतले होते. समोर हिराबाईची टोळी होती. हिराबाई नेहमीसारखी आली आणि तिने कात्री पुढे केली.

"अण्णा, एक तरी काप. आता तर बसूनच हायस."

मी नेहमीच्या उत्तराची वाट बघत होते. ते आलं नाही. शालीतून उजवा हात बाहेर आला. हिराबाई क्षणभर गोंधळली, मग तिने कात्री त्यांच्या हातात ठेवली, वेलीची एक काडी वाकवून त्यांच्याजवळ धरली. त्यांनी बोटाने काडीवरचा डोळा चाचपला, एक मोजून सोडला, आणि त्याच्या वर कात्री लावली. हाताला जोर नव्हता. दुसऱ्या दाबाला काडी तुटली.

"गुण नाय म्हणे," हिराबाई म्हणाली. "आमच्या पोरांस्नी असं नाय जमत."

अण्णांनी कात्री परत दिली. काडीच्या टोकाला थेंब आला. त्यांनी त्याच्याखाली बोट धरलं.

"माझेच, बाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

कशाबद्दल ते मी विचारलं नाही. अर्थ लावत बसले नाही, ते एक बरं केलं. ऊन चढलं तसं विलासने खुर्ची घराकडे वळवली. चाकं काड्यांच्या खचात अडकत होती. तो प्रत्येक ठिकाणी वाकून काड्या बाजूला करत होता आणि बाप त्याला थांबायला सांगत नव्हता. ऑक्टोबरच्या छाटणीआधी अण्णा गेले. त्या काडीला घड आला तो त्यांना दिसला नाही. मला ते दिसतात ते तसेच, पाठमोरे, ओळीच्या टोकाशी लहान होत जाणारे. उजवा हात शालीबाहेर, मांडीवर उताणा ठेवलेला. बोट ओलं होतं. ते त्यांनी पुसलं नव्हतं.